करवंटीतला बांगडा

१२ ऑक्टोबर १९५८

भुरीने आजही बांगडा हुंगला आणि पाठ फिरवली! मांजर असून! खंड्या तर करवंटीजवळसुद्धा येत नाही. होडी उलटून हे बेपत्ता झाले, तेव्हापासून दोघांचं हे असं.

सासूबाईंचा नेम – घरचा माणूस दर्यात हरवला की घरात मासा शिजत नाही. पण घरच्या कुत्र्या-मांजरापुढे रोज दर्यातला मासा ठेवायचा. "जवसर ती तोंड लावणत नाय, तवसर माणूस दर्यात आसा. खाल्ल्यानी, की दर्यान सोडलो." सोडला म्हणजे कसा – जिवंत, की दुसरा? विचारलं तर उठून चुलीकडे जातात.

१३ ऑक्टोबर

मला त्या मासळीचाच संशय. कालच्या बांगड्याचे कल्ले काळपट होते. आज रापणीवर, किनाऱ्यावर जाळं ओढतात तिथे, स्वतः गेले. डोळे स्वच्छ, कल्ले लाल, पोट घट्ट – बघून बघून घेतले. काटे काढले, बारीक तुकडे केले. सुका खारा मासा मी देतच नाही, त्याने कुत्र्याचे केस झडतात. शेजारची काशीबाई हसली, "गो आनंदी, घोवाकसुद्धा इतक्या निवडून घालूक नसशीत!" नवऱ्यावरून बोलते, तेही आत्ता; तिच्या जिभेला हाड नाही. चिडून आले घरी.

१४ ऑक्टोबर

नाही खाल्लं.

१७ ऑक्टोबर

भात-अंडं कालवून दिलं. दोघांनी चाटूनपुसून खाल्लं! दुपारी खाडीतला मासा आणला – तोही फस्त. म्हणजे भूक आहे, तब्येत ठणठणीत आहे. नको आहे तो दर्यातलाच.

सासूबाई माझ्या कुंकवाकडे बघतात आणि नजर वळवतात. दर्याने सोडलं आणि किनाऱ्याला प्रेत लागलं, तर हे पुसावं लागेल. मग वाटतं, नकोच खाऊ देत. असंच राहू दे सगळं. किती वाईट विचार! पण येतो.

२१ ऑक्टोबर

हे आले!!! भर दुपारी, दारात! रेडी गावाकडच्या होडीने पाण्यातून काढलं म्हणाले, तिकडेच तापाने पडून होते. किती हडकलेत. सासूबाई पायरीवरच बसल्या – "माझो गुणाजी गो!" मी हसले की रडले, आठवत नाही.

२२ ऑक्टोबर

यांनी कढी तोंडाला लावली आणि वाटी बाजूला सारली. "खारट झाली गो." गडबडीत मीठ घालायचंच विसरले होते मी! आजारी माणसाची जीभ, दुसरं काय.

खंड्याला हाक मारली त्यांनी, "ये रे." एरवी यांच्या पायांत घोटाळणारा कुत्रा, शेपूट घालून मागे मागे सरला. हे रागावले नाहीत. नुसते बघत राहिले.

२३ ऑक्टोबर

सासूबाई सकाळीच म्हणाल्या, "आज खातली बघ. घाल करवंटीत. मगे आपल्या घरातय मासो शिजांदे." किती दिवसांनी त्यांचा आवाज मोकळा वाटला. फडफडीत बांगडा आणला, रापणीतून थेट.

भुरीने हुंगला. पाठ फिरवली.

खंड्या माडाखालून उठलाच नाही. खाल्लं नाही, म्हणजे माणूस अजून दर्यातच. ओटीवर हे बसले होते, माझ्याकडे पाठ करून. मान न वळवता विचारलं, "खाल्ल्यानी?" कुणी सांगितलं यांना मी काय करते आहे ते? "खातली," म्हणाले मी. ही मुकी जनावरं आजारी आहेत, बाकी काही नाही. पण लगेच भात टाकला, तर दोघं तुटून पडली.

२४ ऑक्टोबर

आजही नाही. सासूबाईंनी आतून विचारलं, "खाल्ल्यानी गो?" हे माझ्याकडे बघत होते.

"खाल्ल्यानी आये, दोघांनीय," म्हटलं, आणि रिकामी करवंटी नेऊन दाखवली. त्यांनी हात जोडले. बांगडा मी खाल्ला होता. कच्चाच.