एमिल व्होंद्राच्या घरात माणसं किती

सोमवार, २ एप्रिल १९९०

शपथ घेतली! उजवा हात वर करून, कोर्टाच्या इमारतीत, माझ्याच जुन्या टेबलासमोर. छत्तीस वर्षं त्या टेबलावर लोकांच्या जमिनींचे कागद नोंदवले, आणि आज गळ्यात खानेसुमारीचं ओळखपत्र. बर्डिक काउंटीत घरं एकशे बासष्ट, पसरलीत सातशे चौरस मैलांत, आणि मोजणारी मी एकटी. फॉर्म टपालानं सगळ्यांकडे गेलेत. मी दारोदार जाऊन ते गोळा करायचे आणि तपासायचे. कुणी काय लिहिलंय ते कुणाला सांगायचं नाही. तुला सांगितलेलं चालतं, तू वही आहेस.

इथलं हे माझं शेवटचं काम. जानेवारीत बर्फावर घसरले तेव्हापासून कोनीनं धोशा लावलाय — आई, घर विक आणि लिंकन शहरात माझ्याकडे ये. लेकीपुढे किती दिवस वाद घालणार? हो म्हटलं. तीस तारखेला गिऱ्हाईक घर बघायला येतंय.

बुधवार, ४ एप्रिल

एकवीस घरं झाली. प्रत्येक घरी कॉफी, आणि कॉफीबरोबर काहीतरी. नाही म्हटलं की रुसतात. महिनाअखेर मोजायला माणसं कमी असतील, पण मला मोजायला दोन रकाने लागतील.

लांबलचक फॉर्ममध्ये विचारलंय, कामावर पोहोचायला किती मिनिटं लागतात? ऑटो लीपोल्डनं लिहिलंय, 'बूट सापडले तर चार.' ठेवलं तसंच.

डोरीननं आपल्या हॉटेलात फळा लावलाय. काउंटीचा आकडा बरोबर ओळखेल त्याला तिच्या हातचा अख्खा केक. गेल्या वेळी आपण चारशे अठ्ठ्याहत्तर होतो. चारशेच्या वर कुणी बोलायला तयार नाही. एकटी डोरीन म्हणते चारशे अकरा. मला डोळ्यानं खुणावून विचारत होती. मी कानावर हात ठेवले.

शुक्रवार, ६ एप्रिल

आज हसू आवरेना. ऑटोच्या बायकोनं, व्हर्दीननं, घरात माणसं पाच लिहिलीत. मी म्हटलं, अगं, तुम्ही दोघंच ना? तर म्हणाली, तीन मुलगे आहेत की! थोरला डेन्व्हरला बँकेत, मधला आरमारात, धाकटा वायोमिंगच्या खाणीत. तिघांपैकी एकही गेल्या ख्रिसमसला आला नव्हता.

"व्हर्दीन, एक एप्रिलला घरात राहणारे तेवढेच लिहायचे."

"त्यांच्या खाटांवर चादरी घातलेल्या आहेत," ती म्हणाली. "जा, बघून ये."

गेले आणि बघितल्या. खरंच घातल्या होत्या, कडक घडीच्या. मग रबर काढलं आणि तिन्ही नावं पुसली. ती खिडकीबाहेर बघत राहिली. जाताना मला डबाभर बिस्किटं दिली.

ही एकटीच नव्हे. आतापर्यंत नऊ घरांत हाच प्रकार! सगळ्या आयांनी गेलेली मुलं घरी आणून बसवलीत. त्यांचं खरं धरलं तर आपली काउंटी शहर व्हायची.

संध्याकाळी स्वतःचा फॉर्म बघितला. पहिली व्यक्ती, अर्डिथ रुझिका, वय त्रेसष्ट. दुसरी व्यक्ती — कोनी! माझ्याच अक्षरात! पोरगी घर सोडून सतरा वर्षं झाली. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ बरं दिसतं मला. पुसलं. कागद जरा फाटला तिथं.

सोमवार, ९ एप्रिल

एमिल व्होंद्राकडे गेले. आठ मैल पूर्वेला, तरी शेजारीच म्हणायचा. वय सहासष्ट, लग्न केलं नाही, आईची सेवा करता करता वय निघून गेलं. माझा नवरा वर्नन गेल्यापासून सहा हिवाळे माझ्या रस्त्यावरचा बर्फ तोच काढतो. सांगत नाही, आभार मानले तर पळतो.

फॉर्म भरला का, विचारलं, तर म्हणाला, तो दोर धर. गाय अडली होती. तासभर दोघांनी मिळून ओढलं. वासरू निघालं, जिवंत! माझा कोट कामातून गेला. फॉर्म राहिला.

गुरुवार, १२ एप्रिल

पुन्हा एमिल. सरकारला काय करायचंय मी किती खोल्यांत राहतो, हा त्याचा प्रश्न. मी म्हटलं, पाच खोल्या आणि एक हट्टी म्हातारा, लिही आणि सोडव मला. तेवढं हसला. मग मी आयांची गंमत सांगितली, नावं न घेता. त्यानं नऊच्या नऊ घरं बरोबर ओळखली. शपथेचं काय ते देव बघेल.

"म्हणजे गेलेली माणसं लिहायची नाहीत," तो म्हणाला.

"नाहीत."

"आणि जी अजून यायची आहेत?"

मी म्हटलं, एमिल, वासरं नाही मोजत सरकार. तो बराच वेळ टोपी फिरवत होता. मग विचारलं, लिंकनला कधी निघतेस? मी सांगितलं, मे संपता संपता. त्यानं टोपी घातली आणि गोठ्यात निघून गेला. निरोपसुद्धा घेतला नाही. मला राग आला. परतताना का कोण जाणे, डोळ्यांत पाणीही आलं.

रविवार, १५ एप्रिल, ईस्टर

कोनी आली, हॅम भाजलं. तिनं खोकी आणलीत, चाळीस. लिंकनच्या खोलीला पडदे कुठले, विचारत होती. चांगली पोर आहे, जीव टाकते माझ्यावर. मी पिवळे म्हटलं. मला पिवळा आवडत नाही.

बुधवार, १८ एप्रिल

एकशे एकसष्ट घरं पुरी. माणसं चारशे दहा. सरासरी वय बघितलं तर मी तरुणच म्हणायची! शाळेत पोरं एकोणतीस. शिवाय रिकामी पडलेली घरं चाळीसच्या वर. तरी गेल्या महिन्यात दोन बाळं झाली, एक तर टपालवाल्या मुलीचं. रडतं कसलं, आरोळ्या ठोकतं! बरं वाटलं ऐकून.

एक फॉर्म बाकी. उद्या एमिल. नाही दिला तर तिथंच बसकण मारीन.

गुरुवार, १९ एप्रिल

दारातच उभा होता, धुतलेला शर्ट घालून. पाकीट हातात दिलं. चिकटवलेलं.

"गाडीत बसल्यावर उघड," म्हणाला. "इथं नको."

नियम सांगितला, मालकासमोर तपासायचं असतं. तोवर हा गोठ्यात!

रस्त्याला लागून गाडी थांबवली. खोल्या पाच, बरोबर. घरात माणसं — दोन. पहिली व्यक्ती, एमिल व्होंद्रा. दुसरी व्यक्ती, अर्डिथ रुझिका. जपून काढलेलं अक्षर, शाळेतल्या मुलासारखं. नात्याचा रकाना कोरा. तिथं बारीक लिहिलंय, 'तू सांग.'

शुक्रवार, २० एप्रिल

नियम तो नियम. माझं नाव पुसलं. एका माणसाला दोनदा मोजता येत नाही. काउंटी चारशे अकरा, डोरीननं आपलाच केक जिंकला. मग कोनीला फोन केला. म्हटलं, गिऱ्हाईक येऊ दे, घर विकू या. खोकी मात्र आठच मैल जायची आहेत.