अंगठ्याचे डोळे

ताई,

बाबांनी काल माझं काज पास केलं.

आठवतंय ना, आपण शर्टाचं काज करून नेलं की ते डोळे मिटून त्यावरून उजवा अंगठा फिरवायचे. एक टाका सैल लागला तरी एकच शब्द, "उसव." त्यांच्या अंगठ्याला डोळे फुटलेत, असं तू चिडून म्हणायचीस. शेवटी तू सुई फेकलीस ती फेकलीसच. मी चिवट, म्हणून दुकानात टिकले. गिऱ्हाइकं माझं काम वाखाणतात, पण बाबांच्या तोंडून "जमलं" कधी निघालं नाही.

अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांचा तो हात पुन्हा शिकाऊ झालाय. बटणं लावायचा सराव द्या, असं दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या. म्हणून काल मी एका चिंधीवर घाईघाईत मोठं, ढगळ काज केलं. टाके कुठे दाट, कुठे विरळ, टोकाला धागा लोंबतोय. नुसतं बटण जाण्यापुरतं.

त्यांनी चिंधी घेतली, सवयीने डोळे मिटले आणि अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला. "उसव" म्हणा हो, असं मी मनातल्या मनात विनवत होते.

"जमलं गं तुला," ते म्हणाले. किती खूश दिसत होते!

फोनवर तुला एवढंच सांगेन की बाबांनी शाबासकी दिली. हे पत्र मात्र टाकणार नाही.

आत जाऊन मी ते काज उसवलं.

तुझी,
धाकटी