रंगरेषा डिझाइनची प्रायव्हसी पॉलिसी

२ जून, सोमवार
काल नागपूरला डेटा प्रायव्हसीचं सेमिनार. जेवणापर्यंत बसलो. विषय पूर्ण समजला. ग्राहकाची माहिती ही अमानत, आपण फक्त राखणदार. आजपासून 'रंगरेषा डिझाइन' ही विदर्भातली पहिली प्रायव्हसीवाली फर्म. विदर्भात आणखी एखादी असेलही, आमच्या बोरगाव मेघेत नक्की नाही.

आचलला सांगितलं. माझी डिझायनर. लग्नपत्रिका, बायोडेटा, लोगो, सगळं तीच करते. मी व्हिजन बघतो. तिनं विचारलं, म्हणजे नेमकं बदलणार काय? म्हटलं, दृष्टिकोन. ती परत स्क्रीनकडे वळली. नव्या पिढीला पॉलिसी पचायला वेळ लागतो.

३ जून
दुकानाच्या कॉम्प्युटरला पासवर्ड टाकला. अवघड. इतका अवघड, की दुपारपर्यंत मलाच आठवला नाही. एक पत्रिका अडकली. नवरीचे काका येऊन ओरडले. शांतपणे म्हटलं, जिथं मालकाला शिरता येत नाही तिथं चोर काय शिरणार! त्यांना पटलं नसावं.

संध्याकाळी नवा पासवर्ड दुकानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून ठेवला. ग्रुपमध्ये मी, आचल, प्रेसवाले, आणि त्यांचं कॅलेंडर छापताना ॲड झालेले दूधवाले. सगळी घरचीच माणसं.

५ जून
आंजी मोठी गावचे नत्थूजी आले. वांगी, मेथी लावतात. फार सरळ माणूस. मुलीच्या लग्नासाठी बायोडेटा करायचा. मुलगी पौर्णिमा, वर्ध्यात नर्स. म्हणाले, नंबर पोरीचाच टाकजो भाऊ, माह्या फोनले वावरात रेंज नाई रायत. पण तिनं बजावून सांगतलं, आमी ज्याले देऊ त्यालेच तो दिसला पायजे.

मी त्यांना चहा पाजला आणि बराच वेळ प्रायव्हसी समजावली. जाताना म्हणाले, आता घोर नाई.

आचलने बायोडेटा छान केला. पण विश्वास माझ्यामुळे बसला.

९ जून, सोमवार
कल्पना! दुकानावर मोठ्ठा फ्लेक्स. 'तुमची माहिती, आमच्या काळजात!' आचल हिंगणघाटला मावसबहिणीच्या लग्नात, म्हणून डिझाइन स्वतः केलं. हात अजून शाबूत आहे. मागं काहीतरी डॉक्युमेंट दिसायला हवं होतं. नत्थूजींचा बायोडेटा समोरच उघडा होता. तो जरा फिकट करून टाकला, वर सोनेरी कुलूप. कुलूप मुद्दाम पौर्णिमाच्या फोटोवर आणि नावावर बसवलं. पॉलिसी म्हणजे पॉलिसी. बाकीची अक्षरं लॅपटॉपवर खसखशीएवढी. कोण वाचणार?

दुकानाचा नंबर टाकला नाही. गिचमिड होते.

११ जून
फ्लेक्स लागला. भव्य! समोरच्या टपरीवर चहा पिणारे उठून उभे राहून वाचत होते. एकानं तर मोबाइलमध्ये काही टिपूनही घेतलं. ब्रँडिंग यालाच म्हणतात.

फोन मात्र एकही नाही. लोक विचार करत असतील.

१२ जून
आचल आली. वर बघितलं. दारातच थांबली. म्हणाली, सर, तुमची खसखस तळहाताएवढी झाली. मोबाइल नंबर रस्त्याच्या पलीकडून वाचता येऊन राह्यला. जन्मतारीख, रक्तगट, वडिलांचं नाव, गाव, सगळंच. आत्ताच्या आत्ता उतरवा.

म्हटलं, उतरवू. पण फ्लेक्स लावणारा गिरडला गेलाय, सोमवारी येईल. शिवाय नाव झाकलेलं आहे. नावच नाही तर माहिती कोणाची? सेमिनारमध्ये असंच काहीतरी म्हणाले होते. बहुतेक जेवणानंतर.

१३ जून, शुक्रवार
पौर्णिमा आली. ड्यूटीवरून थेट, युनिफॉर्ममध्येच. हातातला फोन वाजतच होता. बोर्डवर नंबर एकच, म्हणून लोक दुकानाचा समजून तिला लावतात. म्हणाली, दादा, मी वॉर्डात पेशंटले सलाइन लावून राह्यली, अन् इकडं कोणी विचारते बारशाचं बॅनर कधी भेटन!

मी विचारलं, बॅनरवाल्यांचा नंबर सेव्ह केला का?

तिनं वाजणारा फोन कापला.

मग म्हणाली, मुलाकडची मंडळी परवा याच रस्त्यानं गेली. बोर्डवर बाबाचं नाव वाचलं. रात्री त्यांचा फोन, पोरीची जाहिरात चौकात लावता काय? जुळत आलेलं तुटलं. बाबा कालपासून जेवला नाई.

खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं. पण मालकानं घाबरून चालत नाही. म्हटलं, ताई, ही आमच्या डिझायनरची चूक. मी तिला समज देतो. मॅनेजमेंटमध्ये याला डेलिगेशन म्हणतात. आचल आतच होती. मला वाटलं, हेडफोन लावलाय.

पौर्णिमा म्हणाली, शिडी कुठं हाय? मी सोमवारचं सांगितलं. तिनं ऐकलंच नाही. आतून आचल शिडी घेऊन आली. दोघींनी फ्लेक्स उतरवला. शिडी मी धरली. कोणी आभार मानले नाहीत.

१६ जून
पौर्णिमा वडिलांना घेऊन आली. तिची माहिती तिच्या डोळ्यांसमोर पुसायची होती. मी खुर्ची नीट केली, फाइल निवडली, डिलीट दाबलं. म्हटलं, झालं!

आचल म्हणाली, व्हॉट्सॲपवर आहे. ते पुसलं. मेलवर आहे. तेही पुसलं. प्रेसवाल्यांच्या पेनड्राइव्हमध्ये आहे. शेवटी आचल माझा फोन घेऊन बसली. माझ्या स्टेटसला फ्लेक्सचा फोटो अजून होता. सेल्फीसकट.

 नत्थूजी म्हणाले, भाऊ, मी तुमच्यावर भरोसा टाकलता. त्यांनी आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.  म्हटलं, लग्नपत्रिका माझ्याकडून फुकट. त्यांनी विचारलं, कोनाच्या लग्नाची?

पौर्णिमा त्यांना म्हणाली, बाबा, जाऊ द्या. काऊन झालं हे मुलाकडच्यायनं एकदा तरी मले विचारलं काय? अशा घरी मी काय करनार होती? नत्थूजी थोडे हसले. दोघं उठले. म्हणजे एका अर्थानं माझ्या फ्लेक्समुळे मुलगी चुकीच्या घरी जाता जाता वाचली. हे कोणी बोलून दाखवलं नाही, पण जाणवत होतं.

२० जून
आचलने काम सोडलं. भांडली नाही. म्हणाली, चूक तुमची होती सर, नाव माह्यं घेतलं. मी आतच बसली होती. मी हेडफोनचं सांगितलं. ती म्हणाली, माह्याजवळ हेडफोनच नाई.

नोटीस पीरियडची आठवण करून दिली. म्हणाली, नोकरीचा कागद कधी केलाच नाही आपण. जाण्याआधी तिनं स्वतःच्या आधार कार्डाची कॉपी समोर पुसून घेतली. दूधवाले असलेला तो व्हॉट्सॲप ग्रुपही सोडला.

आता पूर्ण कंट्रोल माझ्या हातात. एका अर्थी मोकळीक.

२७ जून, शुक्रवार
सकाळीच एक गिऱ्हाईक. आनंद झाला, खुर्ची दिली. त्यांनी विचारलं, आचल ताई दिसून नाई राहिल्या? म्हटलं, सोडून गेल्या. ते म्हणाले, कुठं बसतात आता? नंबर द्या ना.

हीच ती वेळ. ताठ बसून सांगितलं, क्षमा करा, कोणाचीही पर्सनल माहिती इथून मिळणार नाही. आमची पॉलिसी आहे. ते म्हणाले, बरं, राहू द्या. खिशातून फोन काढला, तिचा नंबर त्यांच्याकडे होताच, आणि माझ्याच पायरीवर उभं राहून तिला पत्ता विचारला. आवाजात केवढा आनंद!

दुपारी आणखी दोघं आले. तेही तिलाच विचारत. तेच उत्तर दिलं. पॉलिसी पहिल्यांदाच पूर्णपणे पाळली गेली.

माझा नंबर दिवसभरात कोणीच मागितला नाही. माझी माहिती एकदम सुरक्षित आहे.