जोडघराची घरपट्टी

३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

उत्तराला उशीर झाला म्हणून रुसू नकोस. हात मशीनवरून सुटतच नाही. पँटी आखूड करणं, चेन बदलणं ही नेहमीची दुरुस्ती आहेच, वर शाळेच्या गणवेशांचं काम घेतलंय. आता तू विचारशील की ही नवी हौस कुठून आली. हौस कसली, घरपट्टी.

हे गेल्यावर घर माझ्या नावावर करायला पालिकेत गेले. नाव बदललं की घर नव्याने मोजायला माणूस येतो, हे मला कुठे ठाऊक! मोजणीदार आला. बिचारा उन्हातून आलेला, म्हणून पंख्याखाली बसवलं, चहा दिला. त्यानं खिडक्यांच्या काचांचं कौतुक केलं, ह्यांनी स्वतः पॉलिश केलेल्या जिन्याच्या कठड्यावरून हात फिरवला. मी हुरळून गेले आणि माळासुद्धा दाखवला. तो कौतुक करता करता कागदावर काय लिहीत होता ते बिल आल्यावर कळलं. आकारणी दुपटीच्या वर गेली आहे. टोकाला डोळ्यांचं मोठं हॉस्पिटल झाल्यापासून आमची गल्ली म्हणे भारी वस्तीत जमा झाली. खड्ड्यांना मात्र ते अजून कुणी कळवलेलं नाही.

घरांचा एक दलाल दोनदा येऊन गेला. बाहेर उभा राहून गिऱ्हाईक कापड बघतं तसं घर बघतो. पट्टी झेपली नाही तर विकण्यावाचून गत्यंतर नाही, हे त्याला माझ्याआधी कळलेलं दिसतं. मला इथून हलायचं नाही रे. ह्यांच्या खुर्चीवर अजून कुणाला बसू देत नाही मी, घर कसं देऊ?

त्यात भिंतीपलीकडची नर्सबाई. आमचं जोडघर तुला माहीतच आहे, एक छप्पर आणि मध्ये एक भिंत. मशीन सुरू झालं की ती काठीनं भिंत ठोकते. रात्रपाळ्या करून दिवसा झोपायची तेव्हा मी समजून घेत होते. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, आता कसली झोप मोडते तिची? आमचं बोलणं केव्हाच बंद झालंय. बोलायची तेव्हाही मला अगं-तुगं करायची, थोरल्या बहिणीच्या थाटात.

वहिनीला आशीर्वाद. लोभ घरपट्टीसारखा दरसाल वाढता ठेव, फक्त बिल पाठवू नकोस.

तुझी,
ताई


११ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दुकानात बसूनच लिहितोय. सकाळपासून चष्म्याला एक गिऱ्हाईक नाही. ते हॉस्पिटल तुझ्या गल्लीऐवजी माझ्या गल्लीत झालं असतं तर दोघांचंही भलं झालं असतं.

मोजणीदाराला आपण होऊन माळा दाखवणारी तू पहिलीच असशील. दागिन्यांचा डबा तेवढा कसा राहिला?

आता कामाचं. आमच्याकडे एक निवृत्त करनिरीक्षक येतात. त्यांच्या चष्म्याची काडी फुकट बसवून दिली आणि सगळं विचारून घेतलं. पट्टी हप्त्यांनी भरता येते, पण त्यानं ती कमी होत नाही. वरची खोली भाड्यानं दिलीस तर आकारणी आणखी चढेल, तो विचार सोड. हरकत मात्र मुदतीत घ्यायलाच हवी. अर्ज लिहून सोबत जोडलाय, सही करून देऊन ये. पण सुनावणीत नुसतं गाऱ्हाणं ऐकत नाहीत. अगदी तसंच घर आणि आकारणी कमी, असं एखादं उदाहरण दाखवावं लागतं. ते शोधायला तुला पायात चप्पलही घालावी लागणार नाही. तुझं घर ही एक बाही, तर नर्सबाईचं घर दुसरी. तिच्याकडे नाव बदललं नाही, म्हणून मोजणीदार फिरकला नाही, एवढाच फरक. तिचा घर क्रमांक सांगितलास की झालं. मग तिचंही घर नव्याने मोजतील, असं ते म्हणाले खरं. पण जिनं ठोकून ठोकून तुझ्या भिंतीचा रंग पाडला, तिच्यासाठी तू कशाला हळहळतेस?

दुसरा मार्ग लिहायला हात कचरतोय. मालक सत्तरी ओलांडलेला असेल आणि स्वतः त्या घरात राहत असेल, तर निम्मी पट्टी माफ होते. जन्माचा दाखला लागतो. गल्लीत तू त्रेसष्ट वर्षांची आहेस, म्हणजे माझी धाकटी बहीण. पण बोट धरून मला शाळेत कोण पोचवायचं ते मी विसरलेलो नाही. एकाहत्तरीत लाजायचं काय? आईच्या पेटीतला तुझा दाखला पाठवतोय. वापरायचा की उशीखाली दडवायचा, ते तू बघ.

आणि काहीच जमलं नाही तर आमची मागची खोली आहे. हिनं खिडकीला पडदासुद्धा लावलाय. भावोजी गेल्यापासून तू तिथे एकटी असतेस, या विचारानं माझा जीव खालीवर होतो. थट्टा करतो ती त्यासाठीच.

लोभ आहेच. राग आला तर तोही पत्रानंच कळव.

तुझा,
धाकटा


१९ फेब्रुवारी

चि. वकीलसाहेबांस,
अ. उ. आ.

अर्ज देऊन आले. सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. बाकी तुझे दोन्ही सल्ले तुलाच परत.

वयाचं आधी. पालिकेच्या खिडकीत बसणारा कारकून माझं गिऱ्हाईक आहे. त्याच्या पोटाचा घेर मला ठाऊक आहे आणि माझं वय त्याला ठाऊक नाही, हे असंच राहू दे. बाई म्हातारी झाली असं एकदा कानावर गेलं की लोकांना टाके वाकडे दिसायला लागतात आणि कपडे दुसरीकडे जातात. दाखला मी पर्समध्ये ठेवलाय, तोही एवढ्याचसाठी की घरी येणाऱ्या गिऱ्हाइकांच्या हाती लागू नये.

आणि नर्सबाईचं नाव मी घेणार नाही. भांडण वेगळं, चुगली वेगळी. तुला एक गोष्ट कधी सांगितली नव्हती. हे अंथरुणाला खिळले तेव्हा ती रोज सकाळी मागच्या दारानं यायची. माझ्याशी अवाक्षर नाही, सरळ ह्यांच्या खोलीत. कूस बदलून द्यायची, पाठ पुसायची आणि रेडिओवरच्या बातम्यांवरून ह्यांच्याशी वाद घालायची. हे हसायचे. मी स्वयंपाकघरात उभी राहून ते हसणं ऐकायची. त्या दिवसांत मशीन कितीही चाललं तरी भिंत गप्प असायची. हे गेले, महिन्याभरानं मी पुन्हा कामाला बसले आणि ठकठक पुन्हा सुरू.

बोलायचं नसेल तर न बोलो. पण तिलाही पेन्शनवरच भागवायचं आहे. तिच्या दारात मी मोजणीदार पाठवू? त्यापेक्षा मागची खोली झाडून ठेव.

माझा हट्ट जुना आहे, तसाच तुझा लोभही जुना राहू दे.

ताई


८ मार्च

रा. रा. चष्मेवाले यांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. पत्ता शोधायला त्रास पडला नसेल, बहिणीच्या पत्त्यातला एक आकडा बदलला की माझं घर.

तुम्ही लिहिता की बहीण पट्टीसाठी जादा काम करते आहे, तेव्हा सुनावणी होईपर्यंत मी मशीनचा आवाज सोसावा. आणि जाता जाता, अगदी सहज, हेही लिहिता की माझं घर उदाहरण म्हणून दाखवायला ती तयार नाही. जन्मभर लोकांना कडू औषधं पाजली आहेत मी. वर साखर कुठली आणि आत काय, ते मला कळतं. रागावले मात्र नाही.

मशीन हल्ली पहाटेपासून चालतं ते मला डिवचायला, असं मी धरून बसले होते. माझी मीच खजील झाले. आता भिंत का ठोकते तेही सांगते, कारण तिला सांगायची सोय नाही. पूर्वी झोपेसाठी ठोकायची, ते खरं. पण तिचे यजमान गेल्यावर महिनाभर त्या घरातून भांड्याचासुद्धा आवाज आला नाही. मी भिंतीला कान लावून बसायची. मग एका सकाळी मशीन सुरू झालं आणि मला इतकं बरं वाटलं की काठी उचलून ठोकलं. तिला तो जुनाच राग वाटला. तेव्हापासून रोज ठोकते. दुसरं काही बोलायला जमत नाही.

सुनावणीची तारीख कळवा. तिला कळू देऊ नका. माझ्याहून लहान आहे, पण हट्ट म्हाताऱ्यांचा आहे.

तुमच्याकडे वाचायचा चष्मा स्वस्त मिळत असेल तर तेही लिहा, तुमचं अक्षर फार बारीक आहे. लोभ ठेवण्याइतकी आपली ओळख नाही, तरी थोडा असू द्या.

आपली,
काठीवाली शेजारीण


२२ मार्च

चि. लबाडास,
अ. उ. आ. (आज जरा हात राखून.)

तुझी कारस्थानं कळली. त्याचं नंतर बघते. आधी सुनावणी ऐक.

लांबलचक दालन, भिंतीला बाकं, सगळे आपापल्या बिलाची घडी मुठीत धरून बसलेले. अधिकारी तरुण होते, आवाज मऊ. त्यांनी तुझा अर्ज सबंध वाचला आणि विचारलं की माझ्या घरासारखं, पण कमी आकारणीचं एखादं घर मला ठाऊक आहे का. मी नाही म्हटलं. जोडघराच्या मालकिणीनं! त्यांनी दोनदा विचारलं, मी दोनदा नाही म्हटलं. मग हरकत फेटाळावी लागेल असं त्यांनी अगदी वाईट वाटून सांगितलं. मला ह्यांची खुर्ची दिसली आणि तिच्यावर बसलेला दलाल.

तेवढ्यात मागून ठकठक. ओळखीचा आवाज, पण मध्ये भिंत नाही. नर्सबाई काठी टेकत पुढे आली. तिनं साहेबांना सांगितलं की हुबेहूब तसंच घर तिचं आहे, एकाच गवंड्यानं बांधलेलं, आणि पट्टी निम्मीसुद्धा नाही, तेव्हा तिचा घर क्रमांक लिहून घ्यावा. साहेबांनी तिचं वय विचारून घेतलं आणि समजावलं की तो लिहिला तर तिचंही घर मोजलं जाईल, पट्टी वाढेल आणि वयाची सवलतही नाही, कारण ती अडुसष्ट वर्षांची आहे. तिनं सांगितलं की कान शाबूत आहेत, लिहा. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

त्यानंतर माझ्या तोंडून जे निघालं ते मी ठरवलेलं नव्हतं. मी ओरडूनच सांगितलं की माझी हरकत मागे घेते, मी एकाहत्तर वर्षांची आहे, मला सवलत द्या. तो कारकून आ वासून बघत राहिला. मी पर्स टेबलावर उलटी केली. बटणं, खडू, मापाची टेप सगळं सांडलं, त्यात दाखला. साहेबांनी तो वाचला, टोपण पुन्हा लावलं आणि सवलतीचा अर्ज पुढे केला. निम्मी पट्टी माफ झाली. उरलेली हप्त्यांनी फेडीन. घर राहिलं रे. आणि नर्सबाईचा क्रमांक कुठेही लिहिला गेला नाही.

जिना उतरताना तिनं माझा दंड धरला, की मी तिचा, कुणास ठाऊक. घर येईपर्यंत ती बोलली नाही. इतकी वर्षं वयात फसवलं म्हणून फुगली असेल, असं मला वाटलं. दारात तिनं एवढंच विचारलं की आधीच का नाही सांगितलंस. मला रडूच आलं, तिलाही आलं, आणि मग शेजारी बघतील म्हणून दोघी आत गेलो. ह्यांच्या खुर्चीवर ती बसली. मी बसू दिलं.

गल्लीत बातमी माझ्याआधी पोचली होती. कपडे अजून तरी कुणी दुसरीकडे नेलेले नाहीत. किराणावाला मात्र उठून बसायला स्टूल देतो आणि माझ्या अंगाचा तिळपापड होतो. सगळे मला आजी म्हणायला लागलेत, एक नर्सबाई सोडून. मी तिला सांगितलं की आता मी थोरली ठरले, तेव्हा तिनं मला अहो-जाहो करायला हवं. तिनं साफ नकार दिला. शेजारणीची पट्टी वाढू नये म्हणून जी बाई भर कचेरीत एका दमात आठ वर्षांनी म्हातारी होते, तिला अगंच म्हणायचं असतं, असं तिचं म्हणणं.

मागच्या खोलीचा पडदा काढू नका. राहायला नाही, पण भेटायला येईन, नर्सबाईलाही घेऊन. तिला चष्मा हवाय. लोभ आता निम्म्यानं माफ करू नकोस, पुरता दे.

तुझी थोरली,
ताई

ता. क. दुपारपासून मशीन बंद ठेवून तुला लिहीत बसले आहे, तरी नर्सबाई भिंत ठोकतेच आहे. आवाज नाही तर आता हिला कसला त्रास होतोय, देव जाणे. जाऊन बघते.