पुढच्या डब्यातली मैत्रीण

६ फेब्रुवारी, शुक्रवार. गाडीत

सुटले एकदाची! खिडकीची जागा आहे, समोरचं बाक अर्धं रिकामं आहे, आणि आठवडाभर मला कोणाच्याही नाकावरचा चष्मा सरळ करायचा नाही. रजा मागितली तेव्हा आमच्या दुकानाचे मालक असे बघत राहिले, की जणू मी त्यांची एखादी किडनीच मागितली. काचा घासायला माझ्याकडे दुसरं कोण आहे, असं तीनदा ऐकवून मग सोडलं.

एकटीने गाडीत बसायचं, अनोळखी शहरात उतरायचं आणि पाय नेतील तिकडे जायचं, हे कॉलेजपासून मनात होतं. मग लग्न झालं, मिरची झाली, लग्न मोडलं, आणि आम्ही दोघी ताईच्या घरी राहायला आलो. मिरची म्हणजे माझी सात वर्षांची लेक. रागावली की तिच्या नाकाचा शेंडा लाल होतो, म्हणून मिरची. हा राग कुणाकडून आला हे ताई येणाऱ्या-जाणाऱ्याला हौसेने सांगते. आज निघताना मिरची मला बिलगली नाही. दारात फुरंगटून उभी राहिली आणि तू परत येशील ना, एवढंच विचारलं. येणार नाही तर जाते कुठे, म्हटलं मी, आणि उगाचच आवाज चढला माझा. त्याचं अजून वाईट वाटतंय.

ताईने एकच गोष्ट घोकून घेतली होती. कोणी विचारलं एकट्याच का, तर नाही म्हणायचं. सोबत आहे म्हणायचं. मी तेव्हा हसले, पण वेळ आलीच. समोरच्या बाईंनी (मांडीवर भली मोठी पिशवी, तोंडाला विश्रांती नाही) सगळ्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, एकट्याच निघालात? शेजारचा वर्तमानपत्रवाला पान उलटायचं थांबला. मग मी दिलं ठोकून, की मैत्रीण आहे, पुढच्या डब्यात जागा मिळाली तिला.

बाई थांबतात कसल्या. कशी आहे, काय करते, मुलंबाळं? मलाही चेव आला. म्हटलं, माझ्याच उंचीची, माझ्याच अंगाची, लोक बहिणी समजतात आम्हाला. फक्त स्वभावाने गरीब. कधी आवाज चढत नाही तिचा. मुलांचं वेड आहे, पण स्वतःचं मूल नाही. माझ्या लेकीवर फार जीव. बाईंना अगदी भरून आलं. मलाही ती मैत्रीण आवडायला लागली आहे.

७ फेब्रुवारी, शनिवार

पोचले. शहर छान आहे. स्टेशनातून बाहेर पडल्याबरोबर नदी, तिच्यावर लोखंडी पूल, पुलावरून खडखडत जाणारी ट्राम. माझी खोली दुसऱ्या मजल्यावर आहे, खाली छत्र्या दुरुस्त करणाऱ्याचं दुकान. मालकीणबाई गुबगुबीत आणि हसऱ्या. जिन्यातच त्यांनी विचारलं, एकट्याच आलात? ताईची शिकवण आता जिभेवरच बसली आहे. मैत्रीण मागून येते आहे, म्हटलं. वर जाऊन बघते तर दोन टॉवेल, दोन कप, दोन उशा. फसवल्यासारखं वाटलं थोडं, पण दोन उशा मिळाल्याचा आनंद जास्त.

दिवसभर भटकले. जुन्या पुस्तकांची गल्ली, कापडबाजार, नदीकाठची बाकं. पुलावर एका शाळामास्तरासारख्या दिसणाऱ्या गृहस्थांना फोटो काढायला सांगितला. त्यांनी मला फोटोच्या अगदी कडेला टाकलं आहे. फोटोत माझ्या डावीकडे अख्खी नदी. काचेचा मध्य ठरवण्यात माझी हयात गेली, आणि यांना एक बाई मध्यावर आणता येऊ नये!

ट्रामच्या कंडक्टरने दोन तिकिटं फाडली. मी त्याला मैत्रिणीबद्दल काही बोलले नव्हते. घाईत होता बिचारा.

८ फेब्रुवारी, रविवार

आज संग्रहालय पाहिलं. मग बागेत, मग चौकातल्या कारंज्यापाशी, तीन वेगवेगळ्या माणसांकडून फोटो काढून घेतले. संध्याकाळी बाकावर बसून बघितले. तिन्हींत मी उजव्या कडेला. डावीकडे एका माणसाची जागा मोकळी. कारंज्यापाशी फोटो काढणारी मुलगी मला थोडं जवळ सरका म्हणाली होती. कोणाच्या जवळ, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

जेवायला गेले तिथे वाढप्याने माझ्यासमोर दुसरी ताटली मांडली. माझं सांगून झालं तरी तो वही धरून उभाच. समोरच्या खुर्चीकडे बघत. मग मान हलवून काहीतरी लिहून घेतलं आणि गेला. सूप दोन आली. मी माझं प्यायले आणि दुसऱ्याकडे बघितलं नाही. उठताना नजर गेलीच. वाटी रिकामी होती.

खोलीवर आले तर दुसरा टॉवेल ओला.

मालकीणबाईंनी वापरला असेल. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

९ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी सरळ मालकीणबाईंना गाठलं आणि खरं काय ते सांगून टाकलं. मी एकटी आहे, मैत्रीण वगैरे कोणी नाही, ताईने सांगितलं म्हणून थाप मारली. वाटलं, हसतील आणि विषय संपेल. त्या हसल्याही. म्हणाल्या, भांडण झालं वाटतं. तुमची मैत्रीण म्हणालीच होती, की ती चिडली की असंच म्हणते, मला कोणी नाहीच म्हणून. मनावर घेऊ नका. आणि मग किती गोड बाई आहे, दोन्ही दिवस सकाळी मी झोपेत असताना जिन्यात बसून त्यांना शेंगा सोलायला मदत करते, सारखं लेकीबद्दल बोलते.

मी विचारलं, कोणाच्या लेकीबद्दल.

त्या म्हणाल्या, तिच्याच. मिरची ना?

मी हे नाव या शहरात कोणापाशीही घेतलेलं नाही.

जिन्याचा कठडा धरून खाली आले आणि घरी फोन लावला. ताई मजेत होती. म्हणाली, सोबत खरीच मिळाली म्हणायची तुला, बरं झालं. काल दुपारी तुझ्या मैत्रिणीचा फोन आला होता, मिरचीशी किती वेळ बोलली. मी मिरचीला द्यायला सांगितलं. मिरची म्हणाली, ती मावशी अगदी तुझ्यासारखं बोलते, पण रागावत नाही. तिने विचारलं मला काय काय आवडतं, घरात मी कुठे झोपते. आणि मग मिरची हळूच म्हणाली, आई, मला ती नाही आवडली.

मी तिला सांगितलं, परत फोन आला तर घ्यायचा नाही. माझा आवाज चढला होता. ती रडायला लागली. ताईने फोन काढून घेतला आणि लेकराला कशाला घाबरवतेस म्हणून मलाच झापलं.

उद्याच्या गाडीचं तिकीट बघते. भटकणं गेलं खड्ड्यात.

१० फेब्रुवारी, मंगळवार

उद्या सकाळची गाडी मिळाली. आजची भरलेली होती.

स्टेशनावरून येताना ट्राममध्ये कंडक्टरने एकच तिकीट फाडलं. जीव भांड्यात पडला. हात पुढे केला. त्याने ते माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे धरलं. कोणीतरी घेतलं. म्हणजे त्याच्या हातात होतं आणि मग नव्हतं.

मी त्याला हाक मारली. मोठ्याने. दोनदा. तो पुढच्या माणसाकडे गेला.

जेवायला एकच ताटली, समोरच्या बाजूला. वाढप्या हसून समोर काहीतरी बोलत होता. मी त्याची बाही ओढली. त्याने माशी हाकलावी तसा हात झटकला.

आता कळतंय. तिला बाहेरून कोणी आणलेलं नाही. मीच गाडीत बसून तिला उंची दिली, अंग दिलं, गरीब स्वभाव दिला. मूल तेवढं दिलं नाही, आणि वर माझ्या लेकीवर तिचा जीव आहे हे सांगितलं. तिला काय हवं असणार मग?

मला फार भीती वाटते आहे. ताईला तीन वेळा फोन केला. उचलते, हॅलो हॅलो करते, लाइन खराब आहे म्हणते आणि ठेवते. मागे मिरचीचा आवाज येतो. मी ओरडते आहे. तिला जात नाही ऐकू.

आज झोपायचं नाही. तिकीट मुठीत धरून बसणार.

११ फेब्रुवारी, बुधवार

डोळा लागला. कसा लागला?

मूठ रिकामी. बॅग नाही. माझा निळा कोट नाही. चपला नाहीत. ही वही उशीखाली होती म्हणून राहिली, आणि अंगावरच्या कपड्यांच्या खिशात फोन.

मालकीणबाई खोली झाडायला आल्या. मी दारात उभी होते. त्या सरळ आल्या, मीच बाजूला झाले, नाहीतर— खिडकीतून खाली छत्रीवाल्याशी बोलल्या. म्हणाल्या, गेल्या सकाळच्या गाडीने. एकट्याच आल्या होत्या बिचाऱ्या. लेकीची फार आठवण येत होती त्यांना.

मी त्यांच्या तोंडासमोर उभी राहून सांगितलं, लेक माझी आहे. त्यांनी उशी झटकली.

फोन लावला. ताईने उचलला. मी काही बोलायच्या आत ती मागे वळून मिरचीला सांगत होती, की आई आजच निघाली, उद्या घरी, स्टेशनावरून फोन आला होता ना मघाशी.

अनवाणीच निघाले स्टेशनाकडे.

बुधवार, दुपार. गाडीत

तिकीट नाही. कोणी विचारत नाही. तिकीट तपासनीस आला, गेला. एका बाईंनी मांडीवर बॅग ठेवली. माझ्या मांडीवर. जड आहे. मी काढून खाली ठेवली की त्या पुन्हा उचलून ठेवतात, आणि बॅग कशी घसरते म्हणून बडबडतात.

लिहीत राहायला हवं. शाई उमटते. म्हणजे हात आहे. म्हणजे मी आहे.

तिची गाडी माझ्यापुढे आहे. रात्रभर पुढेच असणार. काही करता येत नाही. गाडीत बसून पळता येत नाही.

पोरीला हात लावू नकोस. ऐकतेस का. मी रागावते, खेकसते, एकदा धपाटासुद्धा घातला होता. पण ती माझी आहे. मला बाकी काही नको. दुकान घे, नाव घे, ताईसुद्धा—

नाही. ताई नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आमची गल्ली. ऊन आहे. पेपरवाला माझ्या अंगावरून सायकल— लागलं नाही.

दाराची कडी आतून. वाजवली नाही अजून. स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी आहे, वही भिंतीला टेकवून लिहिते आहे. न लिहिता बघवत नाही.

ताई ओट्याशी. हसते आहे. एवढी मोकळी माझ्याशी कधी हसली नाही.

ती पाटावर बसली आहे. माझा निळा कोट खुंटीला. पाठ माझ्याकडे. माझीच पाठ. मिरची तिच्या पुढ्यात, तिच्याकडे तोंड करून बसली आहे आणि ती मिरचीचे केस विंचरते आहे. हळू. अजिबात न ओढता. मी विंचरायला घेतले की मिरची घर डोक्यावर घेते. आता गप्प आहे. हात मांडीवर. पाठ ताठ. नाकाचा शेंडा पांढरा.

घाबरली आहे. माझी पोर घाबरली आहे. ताईला दिसत नाही का. ताई—

मिरचीने वर बघितलं.

माझ्याकडे बघितलं. खिडकीकडे नाही. माझ्याकडे.

ओळखलं तिने. डोळे भरले तिचे. हाक मारणार म्हणून मी हात वर केला, तर तिने ओठांवर बोट ठेवलं. अगदी थोडी मान हलवली. येऊ नकोस म्हणते आहे. सात वर्षांची पोर मला वाचवते आहे.

फणी थांबली.

ती मागे वळलेली नाही. फणी मिरचीच्या केसांत तशीच. दुसरा हात हळूहळू मिरचीच्या खांद्यावरून मानेकडे

नाही. नाही पळणार मी, मिरची. दार वाजवते. तोडते. तू फक्त माझ्याकडे बघत राहा, आई आली, आई आ—