केसांखालचा चेहरा

३ ऑक्टोबर
बसमधून उतरले तर आबेलोनेबाई स्वतः फाटकात! वय एक्क्याऐंशी, तरी माझी पेटी ओढायला लागल्या. म्हणाल्या, कोपनहेगनची माणसं जेवतात की नुसती कॉफी ढोसतात? राईचा पाव, खारवलेला हेरिंग मासा, बटाटे. पोटभर जेवले. त्यांचे वडील मॅड्स राउन यांनी काढलेलं चित्र साफ करायला आले आहे. चित्रात खिडकीशी खुर्चीत एक पाठमोरी बाई, करडा उजेड.  ती आबेलोनेबाईंची आई.

५ ऑक्टोबर
कापसाच्या काडीला थुंकी लावून मळ काढते आहे. बाईंना हसू आवरेना. एवढं शिकलीस ते थुंकायला होय गं! मग हसू आवरलं. म्हणाल्या, चित्रातल्या आईच्या डोक्याला हात लावू नकोस. मुळात आई मान वळवून बघत होती. तापाने फणफणलेली, तरी ‘अजून थोडंच’ म्हणत वडिलांनी तिला गारठ्यात बसवून ठेवलं. ती खुर्चीतच गेली. तिची नजर सोसवेना, म्हणून त्यांनी चेहऱ्यावर केस रंगवले.
मी शब्द दिला.

८ ऑक्टोबर
बाई दुकानात गेल्या होत्या. केसांच्या रंगाची एक कड सुटलेली दिसली. जरासंच बघू म्हटलं, द्रावण लावलं. एक डोळा मोकळा झाला. काय रंगवलाय! फडक्याने झाकला. जेवताना बाईंना म्हणाले, काम ठीक चाललंय.

१० ऑक्टोबर
बाई सकाळपासून खिडकीशी खुर्चीत बसून आहेत. हीटर चालू, तरी हात बर्फ. म्हणतात, आई म्हणाली, आता थोडा वेळ तू बस.
फडकं उचललं. दुसरा डोळाही उघडा. मी नाही काढला तो.

११ ऑक्टोबर
डॉक्टरांना काही सापडलं नाही. बाईंना खुर्चीतून उठवता येत नाही. संध्याकाळी सगळं कबूल केलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाल्या, बाळा, मग मला उठव ना.

१२ ऑक्टोबर
बाई सुटाव्यात म्हणून केस परत रंगवते आहे. रंग धरत नाही, ओघळतो. चित्रातली खुर्ची रिकामी —

१२, दुपार
चित्रात पुन्हा कुणीतरी बसलंय. पाठमोरं. पांढरे केस, बाईंची निळी शाल. आणि खोलीतली खुर्ची —
हाका मारतेय. मान वळवत नाहीत. चेहरा केसांखाली असणार. पुसतेय. केस गेले, खाली नुसतं चित्राचं कापड. अजून थोडंच, बाई, अजून थोडं — त्या आतून सांगतायत, थांब पोरी, दुखतं —