डाव्या तळहातावर नऊ तास

प्रिय शिवकांतदादा,

अप्पांना समाधी देऊन आज अकरा दिवस झाले. तुझ्या दोस्ताकडून, गोपाळकडून तुला कळलंच असेल. फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहायला बसले. मला अजून रडू आलेलं नाही. सकाळी उठते, झाडून काढते, अप्पांचा चहा ठेवते आणि मग ओतून देते.

कावीळ म्हणून बोरीच्या दवाखान्यात औषध केलं, ती स्वादुपिंडाच्या कॅन्सरची गाठ निघाली. शहरातल्या डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं. यकृताला रक्त नेणारी नळी बहुतेकांची स्वादुपिंडाच्या वरून जाते, अप्पांची मागून, गाठीला अगदी चिकटून. जन्मापासूनच तशी. गाठ काढताना तिला धक्का लागला तर जीवावर बेतेल, आणि नाही काढली तर वर्षही निघायचं नाही. अप्पा म्हणाले, माझी नळी पण माझ्यासारखीच आडवाटेची. आणि ऑपरेशनला साफ नाही म्हणाले.

अडलं होतं दीक्षेत मिळालेल्या, गळ्यातल्या इष्टलिंगावर. आत जाताना अंगावरचं सगळं काढावं लागतं, आणि सत्तर वर्षांत त्यांनी ते अंगावेगळं केलं नव्हतं. तीन दिवस मी समजावलं. चौथ्या दिवशी त्यांनी स्वतःच ते सोडून माझ्या डाव्या तळहातावर ठेवलं, खाली टेकवू नको म्हणाले. उजव्या हातानं मी सही केली. नऊ तास टेकवलं नाही, पाणीसुद्धा प्यायले नाही. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, नळी वाचली, गाठ निघाली. लय बरं वाटलं रे तेव्हा. सहाव्या दिवशी आतून रक्त सुटलं, ते थांबलंच नाही. समाधीत बसवल्यावर लिंग त्यांच्या हातात मीच ठेवलं. ती जागा तुझी होती.

आता जे सांगायचं ते सांगते. चौथ्या दिवशी अप्पांनी मानलं ते माझं नाही. मी खोटंच सांगितलं, की दादाचा फोन आला होता, ऑपरेशन करून घ्या म्हणाला, मी येतो म्हणाला. तू भांडून गेल्यापासून दोन वर्षांत घरात तुझं नाव निघालं नव्हतं. ते ऐकून त्यांनी गळ्यातली दोरी सोडली. शुद्धीवर आल्यावर सारखे दाराकडं बघायचे. गावात सगळे म्हणायलेत, लेकाच्या शब्दावर मन्मथअप्पा आत गेले. तू आलास की विचारतील. लोकांपुढं मला खोटी पाड हवं तर. फक्त अप्पांच्या समाधीपुढं बसशील तेव्हा, फोन केला नव्हता असं म्हणू नको.

तुझीच,
त्रिवेणी